अर्थिंग

बॅटरी नवी आहे. त्याआधीचीही नवीच होती.
ओरेस्ट म्हणतो, तिसरी घे.
दीर आहे माझा, आणि डॉफिनमधल्या त्याच्या दुकानात
बॅटऱ्या मिळतात.

उद्या रविवार. विनिपेगहून नातवंडं-पतवंडं येतील,
फादर मेथोडी पितळी भांड्यातलं पाणी
एकेका थडग्यावर शिंपडतील, नावं घेतील,
आणि गवत गुडघ्याला लागतंय.
गवत कापायची गाडी मात्र रोज तिसऱ्या रांगेत,
बोइचुकांच्या क्रुसाशी दम टाकते:
आधी खालची पाती गप्प होतात, मग इंजिन,
बोलता बोलता झोप लागल्यासारखं.
पिकअपची केबल लावून पुन्हा उठवायचं.
उसनं किती दिवस पुरणार.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी, उणे चाळीसमध्येसुद्धा.
बंद पडलेल्यावर ओरडायचं नसतं
हे पोरांनी नाही, डिझेलने शिकवलं.
मीटर काढला.

बसल्या जागी बॅटरी बारा पॉइंट सहा. ठणठणीत.
आता इंजिन चालू, गती पूर्ण.
आकडा वर चढायला हवा, चौदाच्या आसपास.
तर हा बारा पॉइंट तीन. बघता बघता दोन.
म्हणजे खर्च चालू आहे, आवक नाही.

फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत.
टोकं ब्रशने घासली.
स्विचपर्यंतची वायर चाचपत गेले
उंदरांचा संशय धरून.
उंदरांनी सीट खाल्ली होती, वायर नाही.

मग फ्लायव्हीलच्या पोटातला स्टेटर.
त्याच्या दोन वायरी रेग्युलेटरमधून सोडवल्या,
मीटर एसीवर फिरवला, इंजिन भरात आणलं:
एकतीस व्होल्ट.
अगं बाई. गाय तर दूध देतेय.
मधेच कुठेतरी चरवी उपडी आहे.

रेग्युलेटर. तळहाताएवढा, खाचाखाचांचा ठोकळा,
इंजिनच्या पत्र्यावर दोन बोल्टांनी बसवलेला.
हाच गेला असणार. ओरेस्टला फोन केला.
नव्वद डॉलर, म्हणाला. बुधवारी येईल.
बुधवारपर्यंत गवताला काय सांगू.

फोन ठेवला आणि नजर पत्र्यावर गेली.
हिरवा. चकचकीत.
फेब्रुवारीत, बर्फाने दार अडवलं होतं तेव्हा,
मीच रंगवला. गंज बघवेना म्हणून.
अर्ध्या किमतीत मिळालेला डबा, दोन हात,
ठोकळा काढून त्याच्या खालीसुद्धा, कोपरा न सोडता.
इतक्या मायेने मी कधी नखंही रंगवली नाहीत.

मीटरचं एक टोक ठोकळ्याच्या अंगाला,
दुसरं बॅटरीच्या उण्याला.
काही नाही.
विजेला परतायला वाटच नव्हती.
स्टेटर बिचारा पाठवत होता, हा घ्यायला उभा,
आणि पायाखाली माझा रंग.
अर्थ मिळत नव्हता. एवढंच.

बोल्ट सोडले, सँडपेपर घेतला.
नाण्याएवढ्या दोन जागा:
हिरव्याखाली कुणाचा तरी जुना लाल,
लालाखाली गंज, गंजाखाली
एकदाचं उघडं लोखंड.
आवळलं.

तेरा पॉइंट चार. सहा. नऊ.
चौदा पॉइंट एक, आणि तिथे थांबला.
पाती जोडली. जरासा खचला, पुन्हा चौदा.

बोइचुकांचा क्रूस मागे गेला.
कुंपणाकडच्या कोपऱ्यात एका हिवाळ्यात गेलेली लहानं आहेत,
नुसते दगड, नावं नाहीत;
तिथे पाती उचलून, हळू.
मग दिवे लावले. जूनमध्ये इथे दहापर्यंत उजेड असतो,
गरज काहीच नव्हती. लागतात का ते पाहिलं.

शेडच्या भिंतीवर, तेल बदलल्याच्या तारखांखाली,
पेन्सिलने लिहून ठेवलं:
१४.१. बोल्टाखालचा रंग. रंग माझा.

ओरेस्टला सांगायचं की नाही
अजून ठरवलेलं नाही.